स्पोझारे आणि उंबरं

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि परिसंवाद जास्त होते. तिथे रेवती नावाची एक धनेशीण राहायची.

धनेश पक्ष्यांची रीत तुम्हांला ठाऊक नसेल. अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने दार लिंपून घेते. उरते ती चोच जाईल एवढी फट. नराने बाहेरून रोज उंबरं आणून भरवायची. रेवतीच्या नवऱ्याने, म्हणजे धनेशपंतांनी, तसं वचन दिलं होतं. ती बापडी विश्वासाने आत बसली.

पिलं झाली आणि नेमका इटलीहून करकोचा आला. तिकडे लग्न करण्याला 'स्पोझारे' म्हणतात, असं त्याने सांगितलं. झालं! पंतांनी त्या क्रियापदाचं मूळ शोधायला घेतलं. वडाखाली तीन दिवसांचा परिसंवाद भरला. अध्यक्ष अर्थातच पंत.

पहिल्या दिवशी उंबरं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी फटीतून नुसत्या टाळ्या ऐकू आल्या. तिसऱ्या दिवशी धाकटं पिल्लू ओरडायचंही थांबलं.

तेवढ्यात पंत आले. अंगावर शाल, चोचीत नारळ. नारळ फांदीच्या बेचक्यात ठेवून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? स्पोझारेचं मूळ लॅटिनमध्ये सापडलं. मूळ अर्थ, विधिपूर्वक वचन देणं. सगळी सभा डोलायला लागली."

"अहो, उंबरं?"

"तुला मेलं सदा खाण्याचंच. हा घे सत्काराचा नारळ."

नारळ फटीतून जाईना. पंत म्हणाले, "फट जरा मोठी कर."

तिने केली. चांगली ऐसपैस केली. बाहेर आली, पंख झटकले आणि म्हणाली, "पिलांपाशी बसा जरा. मी उंबरं घेऊन आलेच."

पंत आत बसले. तिने बाहेरून दार लिंपलं.

संध्याकाळी पिलं पोटभर जेवली. मग फटीतून पंतांची चोच बाहेर आली. "आणि मला गं? उंबरं आणते म्हणाली होतीस."

"म्हणाले होते खरं," रेवती म्हणाली. "पण त्या म्हणण्याचं मूळ काय, ते आधी शोधायला हवं. उद्यापासून परिसंवाद ठेवलाय. अध्यक्ष मी."

तात्पर्य: वचनाचं मूळ शोधायची हौस ढोलीबाहेर बसणाऱ्यालाच असते. म्हणून बाळांनो, लग्न जरूर करा, पण जागा फटीबाहेरची धरा.