मेलेल्याचा नंबर

रंगनाथतात्या कुणाला नावानं हाक मारायचा नाही. लग्नाच्या पंगतीत म्हणायचा, "चार हजार बाराला भात वाढा." सख्खा साडू भेटला तरी, "काय सातशे नऊ, बरं हाय ना?" साडूनं बोलणं टाकलं. तात्याला त्याचं काही नाही.

आमच्या साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात तो सभासदांना नंबर द्यायचा. मी तिथंच शिपाई. तिसरी शिकलोय, पण माणूस वाचायला तेवढी पुरते. हा एक तेवढा वाचता आला नाही.

सभासद मेला की तात्या त्याच्या नंबराखाली तांबडी रेघ मारायचा. तो नंबर पुन्हा कुणाला नाही. "एका गावात तीन-तीन बाळू किसन हायत. नाव सारखं आसंल, नंबर न्हाई." आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मग कंप्युटर आला. पुण्याचा इंजिनियर म्हणाला, मेलेल्यांचे नंबर मोकळे पडलेत, ते नव्या सभासदांना देऊन टाकू.

तात्या म्हणाला, "मेलेल्याचा सदरा जित्याच्या अंगात घालता व्हय?"

"तात्या, मशीनला सदरा कळत नाही."

"त्येच म्हंतोय मी."

साहेबांनी मशीनचं ऐकलं. पुढच्या हंगामात देवळालीच्या एका नव्या सभासदाच्या बांधावर कोयते घेऊन ऊसतोडीची टोळी उभी. ऊस कमरेएवढा. नंबर मेलेल्याचा, म्हणून ऊस लावल्याची तारीखही मेलेल्याचीच निघाली. मशीनच्या लेखी ऊस तोडीला आलेला. तो गडी बांधावर आडवा पडला, तेव्हा कुठं पीक वाचलं.

साहेबांनी बोल लावला तात्यालाच. इंजिनियरनं तेवढी एक तारीख दुरुस्त केली, नियम तसाच ठेवला. तात्यानं तीन अर्ज दिले. साहेबांच्या टेबलावर ते मीच ठेवले, आणि रद्दीतही मीच नेले. चौथा लिहायच्या आत तात्या रिटायर झाला.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "त्या नंबरांपायी एवढा का भांडलास?"

"माझ्या आधीचा भाऊ दोन वर्साचा हून गेला. त्याचं नाव रंगनाथ. मागनं मी झालो, तर त्येच नाव मला ठिवलं. शाळेत जन्मतारीखबी त्याचीच लावली. आज रिटायर झाला त्यो. माझी आजून तीन वर्सं हायत."

"मग साहेबाला सांगायचंस की."

"काय सांगू? मी कोन हाय म्हनून?"

तात्या वह्या बांधत राहिला.

"आई 'रंगा' म्हनून हाक मारायची," तो म्हणाला. "मी ओ द्यायचो. ती वळून माझ्याकडं बघायची, आन् रडायला लागायची."