अकला अनेक, दार एक

जावक विभागाच्या कारकुनाला गुरुवारी रजा हवी होती. लेकीचं ऑपरेशन होतं, आणि बाबा समोर दिसल्याशिवाय मी आत जाणार नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं होतं. साहेबांचं टेबल हाताच्या अंतरावर. साहेब मनानं चांगले. "जा" म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात त्यांना 'एकद्वार' आठवलं आणि त्यांनी तोंड मिटलं.

एकद्वार ही कचेरीची नवी व्यवस्था. बाजारात बुद्धिमान यंत्रं उदंड झाली. कोणाला विचारावं हा घोळ नको, म्हणून सगळ्यांना मिळून एकच दार केलं. प्रश्न एकदाच टाकायचा, की तो आतल्या सगळ्या यंत्रांकडे जाणार. वर पाटी लावली, 'अकला अनेक, दार एक'. त्या दिवसापासून स्वतःच्या अकलेनं निर्णय घेणं हे शिस्तभंगात धरलं जाऊ लागलं.

साहेबांनी प्रश्न टाकला. एक यंत्र म्हणालं, रजा द्यावी. दुसरं म्हणालं, अवश्य द्यावी, मुलीला आमच्या शुभेच्छा कळवाव्यात. तिसऱ्यानं बाप-लेकीवर कविता केली आणि खाली लिहिलं, द्यावी. बाकीच्यांचंही तेच.

"झालं की साहेब!" कारकुनाचा जीव भांड्यात पडला.

"थांबा हो! सगळ्यांचं एकमत?" साहेबांनी चष्मा काढला. "आपल्या कचेरीत? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय."

प्रकरण वर गेलं. वरच्यांनाही घाम फुटला. एवढी यंत्रं एकमतानं हो म्हणतात, म्हणजे त्यांना कचेरीचं कामच कळलेलं नाही! मग सगळ्यांच्या उत्तरांतून अंतिम उत्तर काढायला आणखी एक यंत्र दारात बसवलं. त्याला इथलं वळण लागावं म्हणून कचेरीनं आजवर लोकांना दिलेली यच्चयावत उत्तरं वाचायला दिली. भिंतीवरच्या माइकातून इथलं बोलणंही त्याच्या कानावर घातलं. बिचाऱ्यानं सगळं मुकाट्यानं पचवलं आणि गुरुवारी सकाळी पडद्यावर पहिलं उत्तर उमटलं.

'बघू.'

"वा! अगदी आपल्यातला वाटतो हो!" साहेबांना गहिवरून आलं.

"साहेब, पण मी जाऊ का?"

"अहो, उत्तर आलंय ना? आता त्याच्यावर मी काय बोलणार?"

फोन वाजला. "बाबा, निघालात ना? मला आत नेतायत."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. दार उघडं होतं, जिना समोर होता, बस खाली उभी होती. उठून चालू लागायचं, एवढंच काम होतं. पण इतक्या वर्षांची जीभ ती, सवयीनं वळली.

"बघू गं, बाळा."

पलीकडून फोन बंद झाला. पडद्यावर अक्षरं उमटली, 'नमुना जमा केला. आभारी आहोत.'

हसा, हसा. पण आज सकाळी दारात चपला घालताना घरातल्या कोणीतरी तुम्हाला विचारलं होतं, "आज लवकर याल ना?" तुम्ही काय म्हणालात, तेही आत पोचलंय. यंत्राला तुमचा नमुना फार आवडला.