मच्छिंद्रदादाची तहान

माझा मोठा भाऊ मच्छिंद्र गेल्या उन्हाळ्यात कुसवड्याच्या घाटातल्या सायकल शर्यतीत ऊन लागून वारला, आणि त्याची तहान मागे राहिली. शर्यत भरवणाऱ्या मंडळानं त्याची सायकल, हेल्मेट आणि बूट घरी पोचते केले, त्यांच्यासोबत तीही आली. सायकल मी ओसरीत टेकवली. तहान माठाशेजारी राहिली.

दादा लाइनीवरचा वायरमन होता आणि रविवारचा सायकलवाला. त्याचा एक नेम होता. माथा आल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. घोट तोंडात घ्यायचा, खळखळून थुंकायचा आणि पुढं चढायचं. सगळे त्याला पी म्हणायचे, तो हसायचा.

तहानेनंही तो नेम मोडला नाही. घरात कुणी पाणी प्यालं की ते आधी तिच्याकडं जायचं, कारण ती थोरल्याची होती. ती चूळ भरायची आणि भिंतीवर टाकायची. पिणाऱ्याचा घसा कोरडाच. ताक मात्र आमच्यापर्यंत यायचं, दादा ताकाला शिवत नसे. आम्ही दोघं मायलेक ताकावर राहिलो.

मी गुरुजींकडं गेलो. दहाव्याला कावळा लगेच शिवला होता, हे त्यांना आठवत होतं.

"कावळा शिवला म्हणजे इच्छा राहिली नाही," ते म्हणाले.

"मग ही काय?"

"ही तहान. तहानेचं आमच्याकडे होत नाही."

डॉक्टरांनी आईचे पाय दाबून बघितले. सूज होती. पाणी पोटात गेलं नाही तर या बाईची किडनी राहणार नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मला राग आला आणि मी त्यांच्या दारातली कुंडी लाथाडली. नंतर ती उचलून ठेवली.

मग मंडळाच्या अध्यक्ष ओक मॅडम घरी आल्या. त्यांनी ओली भिंत नीट पाहिली. आईनं चहा विचारला, त्या नको म्हणाल्या.

"ही घाटातली आहे," त्या म्हणाल्या. "माथ्यावरच भागेल."

मंडळाची एक कॅम्परव्हॅन आहे. मागं दोन पलंग, फ्रिज, टपावर पाण्याची टाकी. थकलेल्या सायकलवाल्यांच्या मागं ती हळूहळू चालते. यासीनभाई ती चालवतात. त्यांनी तहानेला पलंगावर घेतलं आणि वर नेलं. माथ्यावर गार बाटली उघडली. तहानेनं चूळ काचेवर टाकली.

"बरोबर आहे," ओक मॅडम म्हणाल्या. "गाडीतून वर आलेल्याला आपण पोचला म्हणत नाही. पेडल मारूनच न्यायला हवी. घरच्या माणसानं."

"मला गिअरची सायकल येत नाही, मॅडम."

"येण्याबद्दल नियमात काही नाही."

मी गाड्या धुण्याच्या सेंटरवर कामाला होतो. त्याच दिवशी मी काम सोडलं. मालकानं सुट्टी दिली असती, पण मी विचारलंच नाही.

यंदाच्या शर्यतीला ऊन गेल्या साली होतं तसंच होतं. डांबर टायरला चिकटत होतं. तहान बाटलीच्या जागी बसली होती, माझ्या गुडघ्यांच्या मधे. मागून व्हॅन येत होती. पायथ्यालाच सगळे मला मागं टाकून गेले.

"ए गोरख, गिअर हलका कर! उसाचा चरक फिरवतोयस का?" एकजण ओरडला.

"मच्छिंद्रचा भाऊ आहे, गप," दुसरा म्हणाला.

"मग तर लाज आणली की!"

ते हसत वळणाआड गेले. मलाही हसू आलं. मी खाली बघून म्हणालो, "ऐकलंस?" तहान बोलत नाही. पण वर्षभर मी तिच्याशीच बोलत होतो. आईसमोर दादाचं नाव काढता येत नव्हतं, आणि मित्र आता मला बघून विषय बदलत होते. रोज कामावरून आलो की मी माठापाशी बसायचो. आज कुणाच्या गाडीच्या चाकात साप निघाला, कोण बिनधुतीच गाडी घेऊन पळाला, सगळं तिला सांगायचो. भिंत ओली होत राहायची. घरात कुणीतरी आहे, असं वाटायचं.

दादा पडला त्या वळणावर ती जड झाली. मी उतरून सायकल ढकलणार होतो, पण ओक मॅडमनी व्हॅनच्या खिडकीतून बोट हलवलं. ढकललेलं धरत नाहीत. मी उभा राहून पेडल मारलं. डोळ्यात घाम जात होता. करवंदीच्या जाळ्या सुकून काळ्या पडल्या होत्या आणि रस्त्यावर सावली नव्हती.

माथ्यावरचा मंडप दिसायला लागला आणि मी थांबलो. सायकल आडवी टाकली आणि कठड्याला टेकून खाली बसलो. तहान बाटलीच्या जागीच राहिली.

व्हॅन थांबली. यासीनभाई ओला पंचा घेऊन आले आणि त्यांनी माझ्या मानेवर ठेवला.

"चक्कर येतेय का?"

"नाही."

"मग ऊठ की. हा काय मंडप. इथनं थुंकलास तर पोचंल."

"वर गेलं की ती भागणार."

"भागवायलाच आणलीय ना बाळा?"

"मग माझ्याकडं काय राहणार, भाई?"

यासीनभाईंनी ओक मॅडमकडं बघितलं. मॅडमनी बराच विचार केला.

"सायकल तुमच्याकडेच राहते," त्या म्हणाल्या. "हेल्मेट आणि बूटही."

"मी परत खाली जातो. पुढच्या वर्षी बघू."

"तसं करता येतं. तहान पुढच्या वर्षापर्यंत घरच्यांकडे ठेवायला आमची हरकत नाही."

मी लगेच सायकल उचलली आणि तोंड उताराकडं केलं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. आई होती.

"पोचलास व्हय रं?"

"नाही अजून."

"बरं. ऊन लई हाय. सावकाश ये."

एवढंच म्हणाली. घाई कर म्हणाली नाही. पण बोलताना तिची जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचा आवाज आला. एकेका शब्दामागं तो आवाज येत होता. फोन बंद करायचं तिला जमत नसे, त्यामुळं बोलणं संपल्यावरही तो मला ऐकू येत राहिला.

मी सायकल वळवली. विचार केला असता तर वळवली नसती. फोन खिशात चालू ठेवून मी मंडपापर्यंत गेलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे बाजूला सरले.

यासीनभाईंनी टाकीचं पाणी घागरीत आणलं. मी घागर धरली आणि बाटलीच्या जागी पाणी ओतलं. तहान पहिल्या घोटाला थबकली, मग प्यायली. तिनं एक थेंबही थुंकला नाही. ती खूप वेळ प्यायली. यासीनभाईंनी दुसरी घागर आणली, मग तिसरी. मधेच मी "दादा, हळू," म्हणालो. मग पाणी नुसतं डांबरावर पडायला लागलं, आणि मी घागर सरळ केली.

"भागली," ओक मॅडम म्हणाल्या.

खिशातून आईचा आवाज आला. ती पाणी पीत होती. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती रडायला लागली.

यासीनभाईंनी फ्रिजमधली बाटली माझ्यापुढं धरली.

"आता तू पी, पोरा."

मी नको म्हणालो. त्यांनी हात मागं घेतला नाही. बाटलीवरचं दव त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. शेवटी मी ती घेतली आणि घोट घेतला. पाणी गार होतं. ते घशातून सरळ पोटापर्यंत गेलं. मधे कुणीच घेतलं नाही.