दोन्ही रस्त्यांना चालणारा टायर

माणसाच्या आयुष्यातले बहुतेक अपघात निर्णय घेतल्यामुळे होतात, हे सखोल अभ्यासाने सिद्ध झालेले आहे. (अभ्यास कुणी केला, हे अद्याप ठरायचे आहे.) निर्णय न घेतल्यामुळे कुणी खड्ड्यात पडल्याची नोंद कोणत्याही कचेरीत सापडत नाही, कारण पडणारा त्या वेळी घरीच असतो.

हे मर्म ज्यांना पुरते उमगले होते, ते साहेब एका मोठ्या कचेरीत खरेदी-अधिकारी होते. त्यांच्या कारकिर्दीत कचेरीत एकही चुकीची वस्तू आली नाही. वस्तूच फारशा आल्या नाहीत, हा कोत्या मनाच्या लोकांचा आक्षेप. तिसऱ्या मजल्यावर पंखा हवा, असा अर्ज एका तरुण कारकुनाने केला होता. त्याची मंजुरी त्याच्याच निवृत्तीच्या समारंभात वाचून दाखवण्यात आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

अशा माणसाने सायकल विकत घेणे शक्यच नव्हते. ती मेहुण्याने दिली. बदली होऊन जाताना तो आपली डोंगरी सायकल साहेबांच्या गळ्यात मारून गेला आणि ती जिन्याखाली उभी राहिली. तिथे ती सुखाने गंजली असती, पण घरात कन्या होती. तिची शाळा संपली होती आणि पुढच्या शिक्षणासाठी ती दूरच्या शहरात होस्टेलवर जाणार होती. मधल्या रिकाम्या दिवसांत तिने एकच गोष्ट मागितली.

"बाबा, जायच्या आधी एकदा टेकडीपलीकडच्या तळ्यावर जाऊ. तू या सायकलवर, मी माझ्या शाळेच्या. येशील ना?"

पोरगी जाणार या विचाराने साहेबांना तशीही झोप लागत नव्हती. "येशील ना काय विचारतेस? येणारच!" ते म्हणाले. (त्यांच्या हयातीतली ही एकमेव तत्काळ मंजुरी.) मग ते खाली गेले, सायकलपाशी उकिडवे बसले आणि त्यांची नजर टायरवर पडली.

तळ्याचा रस्ता अर्धा डांबरी. दगडाच्या खाणीपाशी डांबर संपते आणि पुढे माती, मुरूम आणि झाडांची मुळे. गुळगुळीत टायर डांबरावर पळतो आणि मातीत घसरतो. बटनवाला, म्हणजे रबरी उंचवट्यांचा, टायर मातीत घट्ट धरतो, पण डांबरावर असा घरघरतो की पाय भरून येतात. मधोमध गुळगुळीत आणि कडेला बटने, असा तिसराही एक प्रकार असतो. पण ती झाली तडजोड, आणि तडजोडीत दोन्ही पक्ष तक्रार करतात, हे साहेबांनी कचेरीत डोळ्यांनी पाहिलेले होते.

सायकलला होते ते टायर दोन्ही रस्त्यांना चालतात, असे त्यांच्याच कडेवर छापलेले होते. परंतु उमेदवाराने स्वतःविषयी दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही. टायर बाद झाले.

प्रथम मार्गाची पाहणी करणे क्रमप्राप्त होते. ती साहेबांनी मोटारीतून केली. डांबर अचूक मोजले गेले. खाणीपुढे मोटार जाईना, म्हणून तिथून पुढची पायवाट 'अंदाजे' धरण्यात आली. (पंख्याचे मापही अंदाजेच धरले होते आणि पुढे त्याची पाती भिंतीला घासू लागली.)

नंतर ते मोबाईलवरच्या एका सायकलप्रेमी गटात दाखल झाले. या गटाच्या कार्याविषयी बोलावे तेवढे थोडे. उपलब्ध आकडेवारीनुसार ऐंशी टक्के सदस्य टायरविषयी बोलतात, पंधरा टक्के हवेविषयी, आणि उरलेले पाच टक्के कुठेतरी सायकल चालवत असल्यामुळे चर्चेला वेळ देत नाहीत. त्यांना काढून टाकावे, असा ठराव विचाराधीन आहे. गटाचे अध्वर्यू 'गुरुजी' म्हणून ओळखले जात. त्यांच्याकडे टायरांच्या अनेक जोड्या होत्या आणि सायकल दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली होती, त्यामुळे त्यांच्या टायरांना कधी ओरखडाही उठला नव्हता. त्यांच्या शब्दाला वजन होते.

गुरुजींनी नवाच पेच दाखवला. पुढे बटनवाला आणि मागे गुळगुळीत, असेही करता येते! साहेब हादरले. आतापर्यंत एक निर्णय टाळायचा होता, आता चाकागणिक एक. शिवाय हवा. डांबरावर ती कडक हवी, मातीत नरम हवी. म्हणजे खाणीपाशी उतरून हवा सोडायची आणि परतताना पुन्हा भरायची. भरायची कशाने? तेव्हा पंपाचा विषय स्वतंत्र घेण्यात आला.

दुकानदाराने अभ्यासाला फार सहकार्य केले. "हा घ्या, एकदम भारी," तो म्हणायचा. साहेबांनी शंका काढली की, "बरोबर बोललात, हा नकोच," असेही तोच म्हणायचा. दोघांत कधी मतभेद झाला नाही.

इकडे कन्या रोज सकाळी बूट घालून बाहेरच्या खोलीत बसे आणि उन्हे चढली की काढून ठेवी. आधी ती हसून विचारायची, मग नुसतेच विचारायची, मग विचारीनाशी झाली. साहेबांनी याची नोंद 'अर्जदाराने पाठपुरावा सोडला' अशी मनात करून घेतली.

"अहो, आहेत त्याच टायरवर जाऊन या की एकदा," पत्नी शेवटी वैतागून म्हणाली. "तळं काय पळून जातंय? पण पोरगी जातेय ना!"

"आणि तिच्यासमोर घसरून पडलो तर?" साहेब म्हणाले.

यावर पत्नीने हात टेकले. पण हे एकच वाक्य साहेब मनापासून बोलले होते. मुलीच्या लेखी बाबा म्हणजे कधीही न चुकलेला माणूस, अशी त्यांची समजूत होती. ती खरी आहे का, हे त्यांनी मुलीला कधी विचारले नव्हते.

अखेर एका जोडीची निवड झाली आणि ती सायकलवर चढली. कन्या दुसऱ्या दिवशी होस्टेलवर जायची होती. ती सकाळी आपली शाळेची सायकल घेऊन दारात उभी राहिली. साहेबांनी अंगठ्याने आपल्या सायकलचा नवा टायर दाबला, पुन्हा दाबला, आणि गंभीर झाले. कोऱ्या टायरवर निसरडा थर असतो आणि तो जाईपर्यंत काही दिवस सपाट रस्त्यावर सराव करावा, असे गुरुजींनी आदल्याच संध्याकाळी कळवले होते.

"पुढच्या आठवड्यात नक्की," साहेब म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात मी इथे नाहीये, बाबा."

ती एकटीच गेली. दुपारी परतली तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखल होता, केस ओले होते आणि चेहरा उजळला होता. "माती किती टक्के होती?" साहेबांनी विचारले. ती म्हणाली, "मोजलं नाही, बाबा." मग ती सामान बांधायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी बस सुटल्यावर साहेब स्थानकाच्या पायरीवर बसून रडले. यात विनोद काही नाही. घडले म्हणून लिहिले.

पुढे एकदा तिचा फोन आला. तिकडेही टेकडी आहे, मैत्रिणींबरोबर सुट्टीच्या दिवशी जाते, सायकल कुणाची तरी मागून आणते, वगैरे. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि हळूच विचारले, "टायर कुठले आहेत गं?"

"काळे," ती म्हणाली.

साहेबांनी निवडलेली जोडी आजही जिन्याखाली कोरी करकरीत आहे. ती नेमकी कुठली, हे सांगायचे मुद्दाम टाळले आहे. पण गेला काही वेळ तुम्हाला हे एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर अभिनंदन, सायकलप्रेमी गटात एक जागा रिकामी आहे. मात्र अर्ज करण्यापूर्वी एकदा मान वर करून बघा. घरातले कुणीतरी मघापासून तुम्हाला "येताय ना?" म्हणून विचारते आहे, आणि तुम्ही "एवढं वाचून होऊ दे" म्हणाला आहात.