फ्रिज उघडण्याचा विधी

सूनबाई वही जेवणाच्या टेबलावर विसरल्या आणि तिथेच सगळा घोळ झाला. मानववंशशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत त्या साफ आपटल्या होत्या. "पुस्तकं वाचता, माणसं बघत नाही," म्हणत मॅडमनी शेवटची संधी दिली होती. एखाद्या परक्या घरात आठवडाभर जे दिसेल ते टिपायचं, नाहीतर वर्गातून नाव कमी. आता परकं घर कुठून आणायचं? लग्नाला आठच महिने झाले होते. सासर तसं परकंच होतं.

सासूबाईंनी वही उघडली. 'ज्येष्ठ स्त्री दिवसातून अकरा वेळा फ्रिज उघडते, आत पाहते, काही न घेता बंद करते. बहुधा विधी असावा.'

"विधी?" सासूबाई कडाडल्या. "अहो, ऐकलंत का? आपल्यावर पाळत आहे!"

"माझ्याबद्दल काय लिहिलंय?" सासऱ्यांनी आधी तेच विचारलं.

'ज्येष्ठ पुरुष कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतो.'

झालं! दुसऱ्या दिवसापासून घरात कुणी धड वागेना. सासूबाई फ्रिजकडे फिरकेनात. सासऱ्यांनी चष्म्याला दोरी बांधली. नवरा तर चक्क भांडी घासू लागला आणि वर विचारू लागला, "लिहिलंस ना?" सूनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी टेबलावरची वही उचलून त्यांनी न उघडता तशीच मॅडमना देऊन टाकली.

सोमवारी मॅडम खूश होत्या. "याला म्हणतात निरीक्षण! 'सात वाजता तरुण स्त्रीने सगळ्यांना गरम वाढलं, स्वतः ओट्याशी उभ्याने गार खाल्लं. नऊ वाजता आईशी फोनवर हसून बोलली, मग नळ सोडून रडली. भूक कमी. अजून पाहुणीसारखी वागते.'"

अक्षर सासूबाईंचं होतं. तीस वर्षं नर्स होत्या त्या, आणि दोघींच्या वह्या एकाच गठ्ठ्यातल्या, दिसायला सारख्याच. गप्प बसलं तर पास! पण सूनबाईंना राहवेना. "मॅडम, ही माझी वही नाही. सासूबाईंनी माझ्यावरच लिहिलीय."

मॅडम खो खो हसल्या. "मग आणखी एक आठवडा घ्या. आणि शिकवणी घरीच लावा."

घरी सासूबाई ओशाळल्या. "पेशंटचे तक्ते भरायची सवय गं. हात शिवशिवले."

मग त्यांनी फ्रिज उघडला आणि मागची एक वाटी काढून टेबलावर ठेवली. "विधी म्हणे! रोज तुझ्या वाटणीचं ठेवते. खाल्लंस का, तेच बघत होते."

"मग सांगितलं का नाही, आई?"

"वाटलं, हक्काने घेशील."

सूनबाईंनी नवी वही बाजूला सारली, खुर्ची ओढली आणि बसून वाटी रिकामी केली.