ओकारीवाले चिनीआबा

कुणाला ओकारी व्हायला लागली की जवळची माणसं नाकाला पदर लावून चार पावलं मागे सरतात. आमच्या शेजारचे चिनीआबा चार पावलं पुढे यायचे. नुसते यायचे नाहीत, तर गुडघ्यांवर हात ठेवून, खाली वाकून, सराफाने सोनं पारखावं तशा गंभीर चेहऱ्याने जमिनीकडे पाहायचे आणि मग विचारायचे, "काय खादं व्हतं? कव्हय खादं व्हतं? आन खाताना कोनाशी भांडण व्हयनं व्हतं का?"

मी लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा पहिली मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचे हे पोस्टात कारकून. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे पहिले सहा महिने मला 'शे' म्हणजे आहे आणि 'नही' म्हणजे नाही, या दोन शब्दांपलीकडे गल्लीतलं बोलणं कळत नसे. भिंतीला भिंत लागून चिनीआबांचं दोन खणांचं घर. त्यांचं खरं नाव चिंधू. मिरचीच्या बाजारात ते माल तोलून द्यायची तोलारी करायचे. दिवसभर लाल ढिगाऱ्यांत उभं राहून संध्याकाळी घरी आले की आमच्या ओसरीपर्यंत शिंका यायच्या. पण तोलारी हा त्यांचा धंदा झाला, त्यांची विद्या वेगळी होती.

तरुणपणी ते पलटणीबरोबर जखमी शिपायांची डोली उचलायच्या कामावर चीन देशात गेले होते. पलटण परत आली, आबा तिथेच राहिले. बंदरातल्या एका म्हाताऱ्या वैद्याच्या दुकानात त्यांनी चार वर्षं झाडलोट केली, मुळ्या कुटल्या आणि जमेल तेवढं शिकून घेतलं. त्या वैद्याचं नाव वांग. आबा हात जोडून 'वांगबाबा' म्हणायचे. आता खानदेशात, जिथे घरोघरी वांग्याच्या भरताचा धूर निघतो, तिथे या नावाचं हसू होणारच. "आबा, तुमना गुरू हिरवा का जांभया?" असं बाजारातले हमाल विचारायचे. आबा रागवायचे नाहीत. "गोरा व्हता, सुरकुत्या पडेल व्हता," एवढंच शांतपणे सांगायचे.

वांगबाबांच्या दुकानात शेकडो खणांचं कपाट होतं म्हणे. आबांना त्यातल्या दोन-चार खणांचीच ओळख पटली, आणि तीही ओकारीच्या. "बाकी मन्हा डोकामा मावनं नही," असं ते सरळ कबूल करत. त्यातलं आलं इथे मिळायचं. दुसरी वस्तू संत्र्याची साल. ती ते स्टेशनवर जाऊन गाडीतून लोकांनी फेकलेली गोळा करत, धुऊन सुतात ओवून ओसरीवर वाळवत. साल जितकी जुनी तितकी गुणाची, असं गुरूचं सांगणं. त्यामुळे त्यांच्या घरात सालींची मडकी वयाप्रमाणे मांडलेली होती आणि गल्लीतल्या शेळ्या सगळ्यात जुन्या मडक्यावर बरोबर टपून असायच्या.

भेटलेल्या माणसाला ते आधी जीभ काढायला सांगत. पांढरी साय असली तर पोटात गारवा, पिवळी असली तर उष्णता, दातांचे ठसे असले तर पचन ढिलं. पोरांना याची इतकी सवय झाली की आबा दिसले की पोरं आपणहून जिभा बाहेर काढून रांगेत उभी राहायची. शाळेत नवीन आलेल्या मास्तरांनी हे पाहिलं आणि म्हाताऱ्या माणसाला वेडावल्याबद्दल पाच जणांना उठाबशा काढायला लावल्या. आबा मध्ये पडले. मास्तरांना समजावून सांगितलं आणि जाता जाता त्यांचीही जीभ पाहून घेतली.

नाडी ते दोन्ही हातांची पाहायचे. तीन बोटं ठेवून डोळे मिटत आणि इतका वेळ गप्प बसत की एकदा एक शेतकरी नाडी दाखवता दाखवता घोरायला लागला. "झोप लागनी म्हंजे अर्धं दुखणं गयं," असं म्हणून आबांनी हलकेच हात सोडला. चीनचे वैद्य आजाऱ्याला सुया टोचतात, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. पण त्यांच्या हाती गुरूने सुई कधी दिली नाही. "तुन्हा हात थरथरस, तू नुसता दाब," असं गुरू म्हणाला, म्हणून ते नुसते दाबत.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. पोटात एक वारा असतो. त्याचं काम खाली जायचं. तो वर चढला की ओकारी. "वाट चुकना शे, दुसरं काय नही," हे त्यांचं पालुपद. मग तो का चुकला ते शोधायचं. गारठ्याने, उन्हाने, जास्त खाल्ल्याने, की मनातल्या कशाने. ओकारी एक, पण वाट चुकण्याची कारणं वेगळी, म्हणून औषधंही वेगळी.

ही विद्या मी प्रथम पाहिली ती गल्लीतल्या एका लग्नात. दुपारच्या पंगतीतली बासुंदी बिघडलेली होती आणि तासाभरात मांडवामागे वीसेक माणसं ओणवी झाली. आबा आले आणि त्यांनी वऱ्हाडाच्या रांगा लावल्या. आंबट वास येणारे इकडे, नुसतं पाणी पडणारे तिकडे. पहिल्या रांगेला त्यांनी काहीच दिलं नाही. "येऊ द्या, आडवू नका. घरमा चोर घुसना ते दरवाजा लावतस का?" दुसऱ्या रांगेत नवरीची आजी आणि पहाटे थंड पाण्याने न्हालेल्या दोन म्हाताऱ्या. त्यांना आल्याचा कढत काढा आणि पोटावर गरम विटेचा शेक.

उरले एकटे नवरीचे मामा. त्यांचं पिवळं, कडू पडत होतं, आणि त्यांनी बासुंदीला हातही लावलेला नव्हता. आबांनी त्यांना बाजूला नेलं.

"मामा, कोनावर राग शे?"

"माझा कुणावर राग नाही," मामा म्हणाले आणि पुन्हा वाकले.

"राग काळजामा दाबी ठेवा का काळीज पोटले ढकलस. पोट बिचारं काय करी? सांगा."

मामांनी मग सांगितलं. मानाची टॉवेल-टोपी त्यांच्याआधी धाकट्या चुलतमामाला दिली होती. सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं, नुसता तो अपमान होता. आबांनी नवरीच्या बापाला बोलावून घेतलं. वाजंत्री लावून, चार लोकांसमोर मामांना नवीन टोपी घालण्यात आली. अर्ध्या तासाने मामा विचारत होते की भात शिल्लक आहे का. माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट आहे.

तरी आमच्या सासूबाईंचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. मिरच्या तोलणाऱ्याने वैद्यकी करावी, तीही परमुलखातली, हे त्यांना पटायचं नाही. पण पुढच्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात असं झालं की पाण्याचा घोटही टिकेना. डोळे खोल गेले. भिंतीला धरून उठावं लागे. गावातल्या डॉक्टरांनी पांढऱ्या पुड्या दिल्या, त्याही बाहेर आल्या. डॉक्टरांचा चेहरा पाहून ह्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंनी देवीला खण बोलला आणि शेवटी स्वतःच भिंतीवर थाप मारून आबांना हाक घातली.

आबा आले. माझी जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी पाहिली. तेवढ्यात मला उमासा आला. आबा पुढे वाकले आणि म्हणाले, "छी."

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "किळस येत होती तर आलात कशाला? पोरगी मरायला टेकलीय आणि तुम्ही छी म्हणता?"

आबा गोंधळले. चीन देशात पोटातल्या त्या वाऱ्यालाच 'छी' म्हणतात, हे त्यांना समजावून सांगायला बराच वेळ गेला. "छी वर चढनी, असं म्हनी ऱ्हायनू, बहिन." सासूबाई बसल्या, पण पुढे आठ दिवस त्या शब्दासरशी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

मनगटाच्या आडव्या रेषेपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध आबांनी अंगठा ठेवला आणि दाबून धरला. ह्यांना जवळ बसवून जागा दाखवली आणि दर थोड्या वेळाने दाबायला सांगितलं. ह्यांनी इतक्या काळजीने आणि इतक्या झटक्यात दाबायला सुरुवात केली की आबा म्हणाले, "भो, टपालवर शिक्का मारी ऱ्हायना का? धीरे." मला किती तरी दिवसांनी हसू आलं.

आल्याच्या रसाचे चार थेंब जिभेवर, मग थांबायचं. नंतर जुन्या सालीचा तुकडा टाकून उकळलेली तांदळाची पेज, एकच चमचा, मग पुन्हा थांबायचं. "पोट घाबरेल शे. त्याले आजून घाबरावू नका." बाजारातून आले की ते आमच्याकडेच बसत आणि चमच्याचा हिशेब सासूबाईंशी वाद घालून ठरवत. तिसऱ्या दिवशी पेज टिकली. पाचव्या दिवशी मी भात मागितला. डॉक्टर म्हणाले पुड्यांनी गुण आला. सासूबाई म्हणाल्या खणाने. मी कुणालाच नाही म्हटलं नाही.

पण त्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. मला ओकारी झाली होती. आबांनी भांडं धरलं, नेहमीप्रमाणे वाकून पाहिलं, सासूबाईंना काय ते सांगितलं आणि मागच्या दाराने बाहेर गेले. मी पडल्या पडल्या खिडकीतून पाहत होते. परसातल्या भिंतीला हात टेकून चिनीआबा स्वतः ओकत होते. मग त्यांनी चूळ भरली, आपल्याच मनगटावर अंगठा दाबून थोडा वेळ उभे राहिले, आणि आत येऊन मला म्हणाले, "बरं शे आते. तुन्हा पोटमाईन साफ पानी पडनं."

मुलगी झाल्यावर, ती चार महिन्यांची असताना, एकदा ते ओसरीवर साली ओवत बसले होते तेव्हा मी त्यांना परसातल्या त्या ओकारीबद्दल विचारलं.  त्यांनी हातातलं सूत बाजूला ठेवलं आणि ते सांगू लागले.

चीनला जाताना त्यांच्याबरोबर नंदुरबारजवळच्या धानोरा गावचा भिका होता. दोघं लहानपणापासूनचे सोबती. आबांचं बालपणही धानोऱ्यातच, भिकाच्या शेजारच्या घरात गेलेलं. बोटीवर भिकाला ओकाऱ्या लागल्या त्या थांबल्याच नाहीत. आबांना ओकारीची जन्माची शिसारी. वास आला की पोट ढवळायचं. ते जिन्यापाशी उभे राहायचे, भिका खालून हाका मारायचा. जमीन दिसायच्या आदल्या दिवशी हाका थांबल्या. भिकाला समुद्रात सोडला. पुढे बंदरात आबा स्वतः आजारी पडून एका दुकानाच्या पायरीवर कोसळले, तर आतून एक अनोळखी म्हातारा आला, मांडी घालून शेजारी बसला आणि त्याने आपल्या बाहीने त्यांचं तोंड पुसलं. तो वांगबाबा.

"मन्हा कोनी लागे नही तो," आबा म्हणाले. "आन मी भिकाले पानी दिन्हं नही."

परत आल्यावर ते आधी धानोऱ्याला गेले. भिकाची आई एकटीच होती. तिला त्यांनी सांगितलं, भिका शांतपणे गेला, माझ्या मांडीवर डोकं होतं. तेव्हापासून दर आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ते धानोऱ्याला जात, तिचं सरपण फोडून देत, घरावरची कौलं फिरवत. आम्हाला वाटायचं तिथे त्यांचं शेत असेल.

त्या हिवाळ्यात धानोऱ्याहून निरोप आला की म्हातारी कालपासून ओकतेय. आबा आमच्या दारात आले. "पोरी, तू चाल. बाईमानूस पाहिजे तठे." मुलीला सासूबाईंजवळ ठेवून मी त्यांच्याबरोबर बैलगाडीत बसले. 

म्हातारी बाजेवर मुटकुळं करून पडली होती. तोंडातून नुसतं पाणी पडत होतं, हातपाय गार. आबांनी सगळं नीट केलं. मी आलं ठेचलं, चूल पेटवली, वीट गरम केली, तिचं लुगडं बदललं. आबा उशाशी बसून तिचं मनगट धरून होते. दुपारनंतर ओकारी थांबली आणि चार चमचे पेज पोटात राहिली. म्हातारीने डोळे उघडले.

"चिंधू," ती म्हणाली, "भिकानं डोकं खरंच तुन्ह्या मांडीवर व्हतं का रे?"

आबांचा अंगठा थांबला. मी चुलीकडे तोंड करून बसले.

"नही माय," ते म्हणाले. "मी दूर व्हतू. माले शिसारी येत व्हती."

म्हातारीने नजर छताकडे वळवली. मला वाटलं ती आता हात काढून घेईल.

"माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "आंगणमा मांजर ओकनी ते तू घर पळी जाये. तू काय भिकाले मांडीवर घेशी."

"मंग इतला वरीस बोलनी काबरं नही?"

"बोलनी अस्ती ते तू शरमना मारे येता नही." तिने मनगट त्यांच्याकडे थोडं सरकवलं. "दाब ना. थांबना काबरं?"