चेहरा जुळला

विमानतळाच्या दारातल्या कॅमेऱ्याने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हिरवा लागायचा तो दिवा लाल लागला. मुलीचे दिवस भरले होते. तिच्याकडे निघालेल्या मास्तरांच्या हातात दुपट्यांची पिशवी होती, मागे बायको होती. उभा जन्म चित्रकला शिकवण्यात गेलेला, रिकामा रस्तासुद्धा सिग्नल बघून ओलांडणारा माणूस. त्याला दोन शिपायांनी दंडाला धरून बाजूच्या खोलीत नेलं.

आतल्या साहेबांनी संगणकाचा पडदा मास्तरांकडे फिरवला. "काका, हा खोटे पासपोर्ट विकणारा ठक. चेहरा तुमच्याशी जुळतोय."

पडद्यावरच्याला झुपकेदार मिशा होत्या, टक्कल होतं आणि तो मास्तरांच्या जावयाच्या वयाचा होता.

"अहो, हा मी कुठून दिसतोय?"

"मलाही नाही दिसत. पण मला कोण विचारतंय? मशीन म्हणतंय, तुम्हीच."

"मग मशीनला सांगा की!"

"तेच करतो. सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन वर पाठवतो. ते बघतील आणि चूक दुरुस्त करतील."

मास्तरांनी डावीकडून, उजवीकडून, चष्म्यासकट, चष्म्याशिवाय तोंड दिलं. विमानाची वेळ झाली तशी बायकोने पिशवी काढून घेतली. "मी होते पुढे, पोर वाट बघतेय तिकडे. आणि फोटोला जरा बरं तोंड करा. खरंच चोरासारखे दिसताय!"

वरच्यांनी फोटो जपून ठेवले, पण ठकाच्याच फाइलीत. त्यामुळे मास्तर पुन्हा विमानतळावर गेले तेव्हा लाल दिव्याच्या जोडीला भोंगाही वाजला. आगगाडीने जावं म्हटलं, तर स्टेशनात तसलाच कॅमेरा. कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेले, तर खांबावरच्या कॅमेऱ्याने हेरलं आणि भाजी तोलून व्हायच्या आत पोलिसांची गाडी हजर. दर वेळी नवे फोटो निघाले, दर वेळी ते त्याच फाइलीत गेले. अखेर मास्तर पडदे ओढून घरातच बसले.

मग साहेबांचा फोन आला. "काका, खरा ठक सापडला! कबूलही झाला."

"सुटलो हो साहेब!" मास्तरांना रडूच आलं.

"थांबा. मशीनपुढे उभा केला तर हिरवा दिवा लागला. फाइलीत आता सगळीकडे तुम्हीच ना! चेहरा जुळेना, मग सोडावा लागला. जाताना तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

मास्तरांनी फोन ठेवला. परत फोन वाजला तो बायकोचा होता आणि तिचा आनंद फोनच्या पडद्यात मावत नव्हता. "अहो, नातू झाला! दोघंही सुखरूप आहेत. बघा तरी, कपाळ, नाक, हनुवटी... थेट तुमचंच तोंड घेऊन आलाय!"

पडद्यावरच्या इवल्याशा चेहऱ्याकडे मास्तर डोळे भरून बघत राहिले. मग फोनवर ओणवे होऊन हलक्या आवाजात म्हणाले,

"आधी त्याचं तोंड झाक."